राखीव पाच

पुरुषोत्तमराव बिवलकरांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती, वूस्टरला लागून असलेल्या श्रूजबरीत स्वतःचं घर होतं, शेजारीपाजारी सगळे बॉस्टनच्या रेड सॉक्स टीमसाठी जीव टाकणारे होते, आणि त्यांची मुलगी सीमा तर त्या सॉक्सपायी भरल्या ताटावरून उठायची. पण टीव्हीवर सामना लागला की तिसरी इनिंग यायच्या आत बिवलकरांची मान सोफ्यावर कलंडलेली असे. माणसं नुसती उभी राहतात, थुंकतात आणि टोप्या सारख्या करतात, याला खेळ का म्हणायचं, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

आणि तरीही १९८५ सालच्या उन्हाळ्यात याच गृहस्थांना बेसबॉलने असं काही पछाडलं की घरातली माणसं हैराण झाली. म्हणजे खेळाने नव्हे हं. खेळाच्या घटनेने.

घटना, ठराव, पोटनियम हा बिवलकरांचा जीव की प्राण. वूस्टरला ग्राइंडिंग व्हील बनवणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते. तिथे त्यांना सगळे ‘पीट’ म्हणत. पुरुषोत्तमचा पीट कधी आणि कसा झाला हे विचारायच्या भानगडीत ते पडले नव्हते. पण शनिवार-रविवार उजाडला की हाच पीट वूस्टर महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष असे. मंडळात घरं जेमतेम डझनभर, पण घटना अशी लठ्ठ की एखाद्या लहानशा देशाला पुरली असती. आरती किती लांबवावी इथपासून बटाटेवडे दुसऱ्यांदा घ्यायला रांगेत कोणी आधी उभं राहावं इथपर्यंत सगळ्याला कलम होतं. ही घटना बिवलकरांनी एकट्याने लिहिली होती आणि त्यांच्याशिवाय ती कोणी वाचली नव्हती.

पण मंडळ आता आचके देत होतं, आणि त्याला कारण बॉस्टन. बॉस्टनच्या मंडळाकडे माणसं होती, मोठा हॉल होता, रंगमंचावर खरेखुरे लाइट होते. वूस्टरचा एखादा कलाकार जरा बरा निघाला की बॉस्टनवाले त्याला अलगद उचलत. आधी गाणारा एकनाथ गेला. त्याच्या मागोमाग त्याचा तबलजी गेला. पेटी वाजवणाऱ्या बाई तर पेटीसकट गेल्या, आणि पेटी मंडळाची होती. उरलं होतं ते एक वार्षिक नाटक. दर नोव्हेंबरात श्रूजबरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ते व्हायचं. ज्ञानदेव मेश्राम ते बसवायचे आणि बिवलकरांची बायको सुनेत्रा त्यात मुख्य काम करायची. तेही बंद पडलं तर मंडळ गुंडाळून बॉस्टनमध्ये विलीन व्हायचं, असं गेल्या सभेत ठरून बसलं होतं. म्हणजे मग बिवलकर सोमवार ते रविवार नुसते पीट.

अशा मनःस्थितीत ते गावच्या लायब्ररीत गेले. मंडळाची उन्हाळी व्याख्यानमाला तोंडावर आली होती. व्याख्यानमाला म्हणायची इतकंच, त्या माळेत फूल एकच असे आणि तेही दरवर्षी बिवलकरच. यंदा मुलांनाही रस वाटेल असा विषय घ्या, असं सुनेत्राने बजावलं होतं. म्हणून त्यांनी बेसबॉलच्या पहिल्यावहिल्या व्यावसायिक संघटनांवरचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. त्या रात्रीचं जेवण व्हायचं होतं. सुनेत्रा भजी तळत होती. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून आरोळी आली आणि पाठोपाठ हातात पुस्तक घेऊन बिवलकर आले.

‘‘अगं, आपल्याला काढून टाकलं!’’

सुनेत्राच्या हातातला झारा थांबला. ‘‘नोकरीवरून?’’

‘‘नॅशनल लीगमधून! अठराशे ब्याऐंशी साली!’’

सुनेत्राने झारा पुन्हा कढईत घातला.

‘‘अगं, ऐक तरी. वूस्टरची टीम होती नॅशनल लीगमध्ये. आपल्या वूस्टरची! तीन सीझन खेळली. आणि मग म्हणे गाव लहान आहे, म्हणे बघायला माणसं येत नाहीत, म्हणून चालते व्हा. आपल्याला काढून न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला घेतलं. मोठ्या गावांना!’’

‘‘मग येत होती का माणसं?’’

बिवलकरांनी पुस्तकात पाहिलं. शेवटच्या दिवसांतल्या एका सामन्याला सहा प्रेक्षक होते. ‘‘तो मुद्दा नाही,’’ ते म्हणाले.

‘‘डॅड, दॅट वॉज अ हंड्रेड इयर्स अगो,’’ टेबलापाशी बसलेली सीमा भजं खाता खाता म्हणाली.

‘‘अन्यायाला वर्षं मोजायची नसतात!’’ बिवलकर कडाडले. शंभर वर्षांपूर्वी हकालपट्टी झालेल्या त्या टीमचा एकही खेळाडू त्यांना नावाने ठाऊक नव्हता, पण अपमान मात्र त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. ‘‘आणि बॉस्टन तेव्हाही लीगमध्ये होतं, बरं का,’’ असं ते जाता जाता खुनशीपणे म्हणाले.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी पुस्तक सोडलं नाही. त्यात त्यांना स्वतःच्याच मंडळाची कुंडली दिसू लागली. १८७१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची पहिली संघटना झाली, ती खेळाडूंच्याच हातात होती. मग काय, कोणी कुठेही जावं. आज या क्लबात, उद्या त्या क्लबात, ज्याला जिथे बरं वाटेल तिथे. हंगाम अर्धा झाला की लहान गावांचे संघ बाहेरगावी सामने खेळायलाच जायचे नाहीत. थोडक्यात सांगायचं तर सगळे एकनाथ. मग १८७६ मध्ये क्लबच्या मालकांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून नॅशनल लीग काढली आणि कारभार आपल्या हातात घेतला. इथे बिवलकर सरसावून बसले. आणि १८७९ मध्ये त्याच मालकांनी गुपचूप एक ठराव केला, तो वाचून तर त्यांनी मांडीवर थाप मारली. प्रत्येक क्लबाने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे. त्या पाचांना दुसऱ्या कुठल्याही क्लबाने बोलवायचं नाही. खलास! पुस्तकात तर असंही होतं की सुरुवातीला काही खेळाडूंना यात आपला मान वाटला.

हे वाक्य वाचून बिवलकरांनी समाधानाने पानात खूण घातली आणि पुस्तक मिटलं. तिथेच सगळा घात झाला.

व्याख्यान झालं. लोकांनी ते मसालेभाताच्या वासावर निभावून नेलं. त्यानंतर लगेचच्या रविवारी बिवलकरांनी बॉस्टन आणि हार्टफर्ड या दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांना आपल्या बेसमेंटमध्ये चहाला बोलावलं. बॉस्टनचे अध्यक्ष डॉक्टर प्रताप रणदिवे हे हृदयाचे डॉक्टर, त्यामुळे कुणाला उगाच ताण देऊ नये अशा मताचे आणि कुठल्याही कागदावर पटकन सही करणारे. हार्टफर्डचे प्रल्हाद वैशंपायन मोठे संशयी. पण दोघांनाही चिंता एकच होती. बॉस्टनची शास्त्रीय गाणारी बाई हार्टफर्डने पळवली होती, आणि हार्टफर्डचा निवेदक न्यू जर्सीवाल्यांनी.

‘‘आपापसात तरी हे थांबलं पाहिजे,’’ बिवलकर म्हणाले. ‘‘प्रत्येकाने पाच माणसं राखायची. बाकीच्यांनी त्यांना फोनसुद्धा करायचा नाही.’’

‘‘त्या पाच जणांना सांगायचं?’’ वैशंपायनांनी विचारलं.

‘‘नॅशनल लीगने सांगितलं नव्हतं,’’ बिवलकर म्हणाले, आणि या दाखल्यापुढे कोणाचं काही चालेना.

‘‘यार, मला तर बेस्ट आयडिया वाटते,’’ असं म्हणून डॉक्टरांनी चिवड्याची बशी रिकामी केली आणि सही ठोकली. वूस्टरकडे आपल्याला हवंसं वाटेल असं आता कोणी उरलेलंच नाही, अशी त्यांची खात्री होती. बिवलकरांनी आपले पाच सांगितले. पहिलं नाव सुनेत्रा, दुसरं ज्ञानदेव मेश्राम, तिसरं मेकअप आणि कपडे बघणाऱ्या शीला कर्णिक. चौथं आणि पाचवं नाव घालायला त्यांना बराच विचार करावा लागला.

ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या दिवाळीच्या नाटकातल्या नायिकेच्या नवऱ्याची टेक्ससला बदली झाली आणि नायिका गेली. डॉक्टर रणदिव्यांचा बिवलकरांना फोन आला.

‘‘पुरुषोत्तम, सुनेत्राला पाठव ना यार. रोल तिच्यासाठीच लिहिलाय असं वाटतं. रिव्हॉल्व्हिंग स्टेज घेतोय आम्ही या वेळी.’’

‘‘ती राखीव आहे,’’ बिवलकर म्हणाले.

‘‘अरे, ते माहितेय. पण एकदा विचार तर खरं तिला.’’

‘‘विचारायचं काय त्यात? प्रतापराव, नियम म्हणजे नियम. तुमची सही आहे.’’ आणि त्यांनी फोन खाली ठेवला. मंडळ वाचलं या आनंदात ते बागेत जाऊन टोमॅटोंना पाणी घालू लागले. सुनेत्राला यातलं काही सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. खोटं बोलावं किंवा लपवावं असा त्यांचा स्वभावच नव्हता. फक्त यात तिला सांगण्यासारखं काही आहे, हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही.

ते सांगितलं डॉक्टरांच्या बायकोने. सुचित्रा रणदिवेंना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून हळहळ व्यक्त केली. ‘‘अगं, काय छान रोल होता! पण तू पडलीस राखीव. तुमच्या ह्यांनी साफ नाही सांगितलं म्हणे.’’

सुनेत्राने सगळं नीट विचारून घेतलं. राखीव म्हणजे काय, कोणी ठरवलं, कोण कोण आहे. सुचित्राने नावंही सांगितली, कारण गुपित पाळायची सही तिने थोडीच केली होती? फोन ठेवल्यावर सुनेत्रा बाहेरच्या खोलीत गेली, सोफ्यावरचं ते जाडजूड पुस्तक उचललं आणि नवऱ्याने खूण घातली होती तिथून पुढे वाचायला सुरुवात केली.

बिवलकर कामावरून आले तेव्हा घर शांत होतं. जेवणात काही कमी नव्हतं. उलट कोशिंबीर दोन प्रकारची होती. यावरून तरी त्यांनी ओळखायला हवं होतं.

‘‘मला बॉस्टनहून विचारणा आली होती,’’ सुनेत्रा म्हणाली.

घास बिवलकरांच्या हातातच राहिला.

‘‘लग्नाच्या आधी मी पुण्यात सलग चार वर्षं स्पर्धांमधून कामं केली. इथे येऊन बँकेत काउंटरवर उभी राहते. दिवसभर लोकांना हॅव अ नाइस डे म्हणते. वर्षातून एकदा दोन तास मी दुसरं काहीतरी असते. कोणीतरी मला मोठ्या रंगमंचावर बोलावलं आणि तुम्ही परस्पर नाही सांगितलंत. मला एका शब्दाने विचारलंत का?’’

‘‘अगं, पण पाचात तुझं नाव पहिलं आहे! तो मान आहे. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.’’

‘‘तुम्ही खूण घातली आहे ना, त्याच्या पुढे वाचलंत?’’

‘‘नाही.’’

‘‘मी वाचलं,’’ सुनेत्रा म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

रात्रभर बिवलकर तळमळले. सकाळी त्यांनी अध्यक्ष या नात्याने एक तोडगा काढला आणि मोठ्या मनाने बायकोपुढे ठेवला. खास बाब म्हणून तिला एकटीला बॉस्टनसाठी मोकळं करायचं.

‘‘मला एकटीला?’’ सुनेत्रा म्हणाली. ‘‘आणि बाकीच्या चौदा जणांचं काय?’’

मग तिने स्वयंपाकघरातला फोन ताब्यात घेतला. त्या फोनची वायर चांगली लांब होती. एका हाताने पोळ्या लाटत, खांद्यावर रिसीव्हर धरून तिने आठवडाभर बॉस्टन, हार्टफर्ड आणि वूस्टरच्या सगळ्या राखीव मंडळींना गाठलं. राखीव असल्याचं कळल्यावर आनंद झाला असा माणूस एकही निघाला नाही. आणि एके संध्याकाळी ती, मेश्राम आणि शीला कर्णिक असे तिघं बेसमेंटमध्ये उतरले. बिवलकर तिथे घटनादुरुस्ती करत बसले होते.

‘‘१८९० साली,’’ सुनेत्रा म्हणाली, ‘‘खेळाडूंनी मालकांची लीग सोडली आणि स्वतःची काढली. त्यांचा पुढारी वकिली शिकलेला होता. आम्ही पण काढली आहे. तिन्ही मंडळांतून आम्ही पंधराही जण आजपासून बाहेर.’’

बिवलकरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मेश्रामांकडे पाहिलं. मेश्राम मूळचे नागपूरचे. एका संशोधन संस्थेत बायोकेमिस्ट होते. मंडळाचे चिटणीस होते, दहा वर्षांचा स्नेह होता. ‘‘मेश्राम, तुम्हीसुद्धा?’’

मेश्राम खुर्ची ओढून समोर बसले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, ‘‘बिवलकर, नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा मी वर्गात पहिला आलो तरी पोरं मागून कुजबुजायची, हा राखीववाला. ते ऐकून ऐकून कान किटले होते. अमेरिकेत आलो, म्हटलं सुटलो एकदाचा. तर इथे तुम्ही मला राखीव केलं. आणि फरक पाहा. तिकडे राखीव म्हणजे बंद दार उघडायचं. तुम्ही तर उघडं दार लावून घेतलं.’’

बिवलकरांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कान लाल झाले. मेश्रामांना हा शब्द लावताना आपल्या डोक्यात काही आलंच नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. ‘‘माझं चुकलं,’’ ते पुटपुटले.

‘‘चुकलंच,’’ मेश्राम म्हणाले. मग थोडं हसून म्हणाले, ‘‘पण आमच्यासाठी मी नाटक लिहून काढलंय, बरं का. रागात लिहिलं म्हणून फार्स झाला.’’

‘‘तुमच्या त्या संस्थेला घटना तरी आहे का?’’ बिवलकरांनी क्षीण आवाजात विचारलं.

‘‘आहे ना,’’ शीला कर्णिक म्हणाल्या. ‘‘एकच कलम. ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं.’’

कोरम नाही, पोटनियम नाहीत, सभेची नोटीस नाही! बायको गेली, मित्र गेला, हे दुःख होतंच, पण एका कलमावर संस्था चालते या विचाराने बिवलकरांना अक्षरशः घेरी आली.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला. कलाकारांच्या तालमी कधी वॉटरटाउनला, कधी हार्टफर्डला कोणाच्या तरी घरी चालू होत्या. सुनेत्रा बँकेतून आली की गाडी घेऊन निघायची आणि उशिरा परत यायची. घरात अबोला मुळीच नव्हता. ती सगळं बोलायची, फक्त नाटकाबद्दल नाही. बिवलकर तिच्याशिवाय जेवायचे, आणि तालीम नसेल त्या संध्याकाळी जेवताना त्यांना वरच्या मजल्यावरून तिचं पाठांतर ऐकू यायचं. एखादं वाक्य ती चार तऱ्हांनी म्हणायची. यातली कुठली तऱ्हा बरी, असा विचार ते करू लागत आणि मग एकदम आपल्याला हे ठरवायचा हक्क नाही हे आठवून पानातला भात कालवू लागत.

पण कलाकारांपुढे एक मोठी अडचण उभी राहिली होती. हॉल. नोव्हेंबरात आसपासच्या सगळ्या शाळा, चर्च, लायब्ऱ्या भरलेल्या होत्या. मोकळा म्हणावा असा एकच हॉल होता, श्रूजबरीच्या शाळेचा, आणि तो नेहमीप्रमाणे वूस्टर मंडळाच्या नावावर अध्यक्षांनी जानेवारीतच धरून ठेवला होता. मंडळाकडे आता नाटक नव्हतं. कलाकारांकडे हॉल नव्हता. सुनेत्राने नवऱ्याकडे हॉल मागितला नाही. ती मागणार नाही हेही बिवलकरांना माहीत होतं.

डॉक्टर रणदिव्यांचा फोन आला. त्यांचंही दिवाळीचं नाटक बसलं होतं, म्हणजे बसलं होतं ते कायमचं. ‘‘पुरुषोत्तम, हॉल सोडू नकोस हं. कॅन्सल पण करू नकोस. नुसता रिकामा ठेव. दोन-तीन आठवड्यांत सगळे परत येतात की नाही बघ.’’

त्या रात्री बिवलकरांनी पुस्तकातली आपली खूण काढली आणि पुढचं वाचलं. खेळाडूंची लीग एकाच हंगामात बुडाली होती. खेळ त्यांचा चांगला होता, लोकही येत होते. पण मालकांनी डाव टाकला. खेळाडूंच्या मागे ज्यांनी भांडवल घातलं होतं त्यांनाच त्यांनी एकेक करून गाठलं आणि फोडलं. मैदानं गेली, पैसा गेला. खेळाडू आपापल्या जुन्या मालकांकडे परत आले. म्हणजे रणदिवे सांगत होते तेच. बिवलकर जिंकू शकत होते. हॉल फक्त रिकामा ठेवायचा होता.

मग सुनेत्रा परत येईल, असं त्यांनी स्वतःशी म्हणून पाहिलं. मान खाली घालून येईल. मंडळाच्या नाटकात काम करील, कारण दुसरं काही उरलेलंच नसेल. वर चाललेलं ते चार तऱ्हांचं पाठांतर थांबेल. हे चित्र त्यांना बघवेना. डोळे मिटले तरी ते जाईना. या बाईवर आपलं फार प्रेम आहे आणि तिला हरवून आपल्याला काही म्हणजे काही मिळायचं नाही, हे त्यांना त्या सोफ्यावर बसल्या बसल्या लख्ख कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावली. चिटणीस मेश्राम बाहेर पडले होते, खजिनदार शीला कर्णिक बाहेर पडल्या होत्या, उरलेले दोघे कंटाळून केव्हाच येईनासे झाले होते. त्यामुळे बेसमेंटमध्ये कार्यकारिणी म्हणून बिवलकर एकटेच बसले. हॉल कलाकारांना विनाअट द्यावा असा ठराव त्यांनी मांडला. त्याला अनुमोदन दिलं. विरोधात कोणी आहे का, असं रीतसर विचारून टेबल-टेनिसच्या टेबलापलीकडे पाहिलं. मग ठराव एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर करून ते वर आले.

सुनेत्रा भाजी चिरत होती.

‘‘हॉल तुम्ही घ्या,’’ ते म्हणाले.

तिने सुरी खाली ठेवली. ‘‘अट काय?’’

‘‘अट नाही.’’

‘‘स्वागताचं भाषण?’’

हा प्रश्न अवघड होता. ‘‘नाही,’’ ते म्हणाले.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाड्या मावेनात. तिन्ही मंडळांचे लोक आले होते. कलाकार पंधरा, त्यांचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, आणि काहीतरी भांडण झालं आहे एवढ्याच माहितीवर आलेले बरेच जण. डॉक्टर रणदिवे आणि वैशंपायन मागच्या रांगेत मुकाट बसले होते. दारावर शीला कर्णिकांनी अध्यक्षांकडे तिकीट मागितलं, आणि त्यांनी ते निमूटपणे दाखवलं.

बिवलकर मधल्या रांगेत जाऊन बसले आणि त्यांना हातांचं काय करावं कळेना. आजवर नाटक सुरू झालं की ते मागे कुठेतरी असायचे. पुलावाचे ट्रे गरम ठेवायचे, माइकची वायर बघायची, कागदी प्लेटा पुरतील का याची काळजी करायची. पडदा वर गेला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत आपल्या बायकोचं एकही नाटक आपण समोर बसून पाहिलेलं नाही.

नाटक एका मुख्याध्यापिकेचं होतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या किल्ल्या द्यायला ती तयार नसते आणि संचालक मंडळाला ती एकेका वर्गात कोंडत जाते, असा सगळा गोंधळ. सुनेत्रा आली तीच अशी तावातावाने की पहिल्या वाक्याला टाळी पडली. पुढच्या दोन तासांत बिवलकर पोट धरून हसले. संचालकांचा अध्यक्ष आपल्यावरूनच बेतला आहे, हे बऱ्याच उशिरा त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर ते इतके हसले होते की रागवायला तोंड उरलं नव्हतं. आणि मग शेवटी रिकाम्या वर्गात ती बाई एकटी राहते. फळा पुसते. बाकांकडे बघून, कोणी नसतानाही, हजेरी घ्यायला लागते. ते वाक्य त्यांनी वरच्या मजल्यावरून चार तऱ्हांनी ऐकलं होतं. रंगमंचावर तिने ते पाचव्याच तऱ्हेने म्हटलं, अगदी हलक्या आवाजात. ही बाई रोज आपल्याला डबा देते, हे खरंच वाटेना. बिवलकर सरळ रडले. रुमाल शोधत बसले नाहीत.

नाटक संपल्यावर रंगपटाच्या दाराशी ही गर्दी. ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले. गर्दी पांगली तेव्हा सुनेत्रा बाहेर आली. केसांना लावलेली पांढरी पावडर अजून तशीच होती.

‘‘कसं झालं?’’ तिने विचारलं.

बिवलकरांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. भाषण त्यांना कधी जड गेलं नव्हतं. पण तोंडातून आलं ते भलतंच, आणि तेही अडखळत. ‘‘पुढच्या वर्षी... आमच्या मंडळात करशील का नाटक? म्हणजे तुला करावंसं वाटलं तर.’’

सुनेत्राने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘‘बॉस्टननेही विचारलंय. आत्ताच. प्रतापराव येऊन गेले.’’

‘‘मग काय सांगितलंस?’’

‘‘विचार करून सांगते म्हटलं. तुम्हालाही तेच सांगते.’’

यावर कुठलं कलम लावावं ते बिवलकरांना सुचेना. त्यांनी तिच्या हातातली कपड्यांची बॅग घेतली. दोघं गाडीत बसले. गाडी रस्त्याला लागली. बिवलकर अस्वस्थ होते. हो म्हणेल की नाही, याचा त्यांना काही म्हणजे काही अंदाज नव्हता, आणि गंमत म्हणजे त्या अस्वस्थपणात त्यांना आपण एखाद्या मुलीला पहिल्यांदाच सिनेमाला विचारलं आहे असं वाटत होतं.

‘‘तालमींना इतक्या लांब जावं लागलं तुम्हाला,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘आपलं बेसमेंट मोकळं करता येईल. टेबल-टेनिसचं टेबल काढलं तर जागा होते. कोणाच्याही तालमी असोत, बॉस्टनच्या असल्या तरी चालतील. चहा मी करीन सगळ्यांचा. हवं तर मी तसं लिहून...’’

‘‘लिहून देऊ नका,’’ सुनेत्रा म्हणाली. तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला. ‘‘नुसता चहा करा.’’